खाणीचा उपसा आणि धुऱ्यापलीकडची विहीर

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



वर्धा नदीच्या खोऱ्यातून कोळसा निघू लागल्याला दीडशे वर्षे उलटून गेली आहेत. वरोऱ्याची सरकारी खाण १८७१ साली सुरू झाली आणि १९०६ साली बंद पडली. पुढे बल्लारपूर, घुग्गुस, माजरी, वणी असा हा उद्योग नदीच्या दोन्ही तीरांवर पसरत गेला. या दीर्घ इतिहासाचा हिशेब टनांत मांडला गेला, कामगारांच्या मजुरीत मांडला गेला, अपघातांत गेलेल्या जिवांत मांडला गेला. पाण्याचा हिशेब त्या मानाने फारच थोडा झाला. वस्तुतः कोळसा काढण्याआधी आणि कोळसा काढताना खाणीला जर काही अखंड उपसावे लागत असेल, तर ते पाणी होय. चंद्रपूर जिल्ह्यात आणि शेजारच्या वणी तालुक्यात खाणीच्या सीमेला लागून ज्यांची शेते आहेत, त्यांच्या विहिरींचा प्रश्न या उपशाशी कसा जोडलेला आहे, आणि त्यावर कार्यकर्त्यांनी नेमके काय करावे, एवढाच आजचा विषय आहे.

प्रथम जमिनीखाली काय आहे ते पाहिले पाहिजे. या खोऱ्यात कोळसा बराकर नावाच्या खडकांत सापडतो. त्या खडकांवर पुष्कळ ठिकाणी कामठी वालुकाश्माचे जाड थर आहेत. नागपूरजवळच्या कामठीवरूनच या खडकाला नाव पडले. हा वालुकाश्म सच्छिद्र असतो. पावसाचे पाणी त्यात मुरते आणि साठून राहते. पश्चिम महाराष्ट्रातील काळ्या पाषाणात विहिरीला पाणी लागते ते भेगांतून आणि झिजलेल्या मुरमातून. येथे मात्र खडक स्वतःच पाणी धरून ठेवतो. म्हणूनच या पट्ट्यात दहा-बारा मीटर खोलीच्या साध्या विहिरीवर पिढ्यान् पिढ्या ओलिताची शेती झाली. निसर्गाने कोळसा आणि पाणी एकाच पेटीत ठेवले, पाणी वरच्या कप्प्यात आणि कोळसा खालच्या. खालचा कप्पा उघडायचा तर वरचा रिकामा केल्यावाचून गत्यंतर नाही.

खुल्या खाणीत हे कसे घडते? कोळशाच्या थरापर्यंत पोचण्यासाठी वरची माती आणि वालुकाश्म पायऱ्यापायऱ्यांनी कापून काढतात. त्याचे डोंगर खाणीच्या कडेला रचले जातात. त्यांना गावकरी ओबीचे ढिगारे म्हणतात. खड्डा भूजलाच्या पातळीखाली गेला की त्याच्या चारही भिंतींतून पाणी झिरपू लागते. ते तळाशी राखलेल्या एका खोलगट जागेत गोळा होते. या जागेला खाणकामगार ‘संप’ म्हणतात. त्या शब्दाचा हरताळाशी काही संबंध नाही. या संपातून पंपांनी पाणी वर खेचले जाते आणि बहुधा जवळच्या नाल्यात सोडले जाते. खाण जसजशी खोल जाते तसतसा संपही खोल जातो, आणि आसपासच्या जमिनीतील पाणी त्याच्याकडे उतरू लागते. भूजलाची जी पातळी पूर्वी जवळपास सपाट होती, तिला खड्ड्याच्या दिशेने उतार मिळतो. खड्ड्याजवळ ती खूप खाली जाते, दूर जावे तशी कमी खाली जाते. उपसा जितकी वर्षे चालेल तितका हा उतरणीचा घेर रुंदावतो. त्या घेरात जी विहीर येते, ती खाणीच्या पंपाला नळी न जोडताच जोडली जाते.

येथे एक गोष्ट नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण तिच्याविषयीच्या गैरसमजामुळे अनेक गाऱ्हाणी निकालात निघतात. ‘विहीर आटली’ हे वाक्य ऐकून अधिकारी पाहायला येतो, विहिरीत डोकावतो, तळाशी पाणी चमकताना दिसते आणि तो लिहितो की विहिरीस पाणी आहे. परंतु शेतकऱ्याचे नुकसान विहीर कोरडी ठणठणीत होईपर्यंत थांबत नाही. समजा, चार मीटर व्यासाची विहीर आहे आणि उन्हाळ्यात तिच्यात तीन मीटर पाणी असते. म्हणजे सुमारे सदतीस हजार लिटर. भूजलाची पातळी दोन मीटरने उतरली तर त्यातले पंचवीस हजार लिटर गेले. विहिरीत अजून हातभर नव्हे, चांगले मीटरभर पाणी आहे; पण मोटार पूर्वी तीन तास चालत असे ती आता तासभर चालते. शिवाय झिऱ्यांचा जोर कमी झाल्याने रिकामी झालेली विहीर पुन्हा भरायला पूर्वीपेक्षा अधिक वेळ लागतो. गव्हाचे शेवटचे पाणी चुकते, भाजीपाला सोडून द्यावा लागतो, ओलिताचा तुकडा कोरडवाहू होतो. पंचनाम्यात मात्र ‘पाणी आहे’ एवढीच नोंद राहते. आणि तो पंचनामा श्रावण-भाद्रपदात झाला असेल तर विचारायलाच नको. या जिल्ह्यात वर्षाला बाराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्या दिवसांत खाणीच्या काठावरची विहीरसुद्धा तोंडाशी आलेली दिसते.

या घसरणीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. ज्याच्याजवळ पैसा आहे तो विहीर खोल करतो, आडवे-उभे बोअर मारतो, साठ-सत्तर मीटर खालचे पाणी ओढतो. त्याच्या बोअरने शेजाऱ्याची विहीर आणखी खाली जाते, ती गोष्ट निराळी. ज्याच्याजवळ दोन-तीन एकर आहेत तो एकदा कर्ज काढून तीन मीटर खोदतो, पातळी पुन्हा खाली जाते, दुसऱ्यांदा कर्ज मिळत नाही. शेतमजुराचे तर शेतच नसते. ओलीत गेले की त्याचा रब्बीचा रोजगार जातो आणि त्याची नोंद कुठल्याच अहवालात होत नाही. पिण्याच्या पाण्यासाठी गावच्या सार्वजनिक विहिरीवर अवलंबून असणाऱ्या बायांचे श्रम वाढतात, तेही असेच नोंदीबाहेर राहतात.

आता समाजवादी कार्यकर्त्यांना अडचणीचा वाटेल असा मुद्दा. कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण १९७३ साली झाले. खासगी मालकांनी खाणी ओरबाडल्या होत्या, कामगारांच्या सुरक्षिततेची हेळसांड केली होती. त्या पार्श्वभूमीवर ते पाऊल योग्यच होते आणि त्यासाठी कामगार चळवळ झगडली होती. १९७५ साली कोल इंडिया स्थापन झाली. तिची उपकंपनी वेस्टर्न कोलफिल्ड्स, म्हणजे लोकांच्या तोंडची वेकोलि, नागपुरातून या खाणींचा कारभार पाहते. पण मालकी समाजाची झाली तरी पाण्याचा उतार बदलत नाही. सार्वजनिक क्षेत्राचा ताळेबंदही खासगी कंपनीसारखाच लिहिला जातो: नाल्यात सोडलेले पाणी त्यात खर्चाच्या बाजूला येते ते केवळ पंपाच्या विजेच्या रूपाने. शेजारच्या विहिरीत जे गेले ते कोणाच्याच वहीत नाही. राष्ट्रीयीकरणाची मागणी करणाऱ्यांनी त्या वेळी हा प्रश्न विचारला नाही याचे कारणही उघड आहे. तेव्हाची नजर भूमिगत खाणीवर होती. आज देशातील कोळशाचे नव्वद टक्क्यांहून अधिक उत्पादन खुल्या खाणींतून होते. आणि २०१५ च्या कायद्यानंतर, विशेषतः २०२० साली व्यापारी खाणकामासाठी लिलाव सुरू झाल्यापासून, खासगी कंपन्या पुन्हा या क्षेत्रात आल्या आहेत. तेव्हा वेकोलिच्या बाबतीत जो नियम आज घालून घेतला जाईल तोच उद्या खासगी खाणीला लागू करता येईल.

उपसा बंद करा, अशी घोषणा काही ठिकाणी ऐकू येते. ती देण्यापूर्वी २७ डिसेंबर १९७५ चा दिवस आठवावा. धनबादजवळच्या चासनाला खाणीत जुन्या कामांत साचलेले पाणी फुटून आत शिरले आणि सुमारे पावणेचारशे कामगार बुडून मेले. खाणीतील पाण्याचा उपसा ही कामगाराच्या जिवाची हमी असते. खुल्या खाणीतही भिंतींत पाणी मुरलेले राहिले तर कडा ढासळतात. जोवर खाण चालू आहे तोवर पंप चालूच राहणार. शेतकरी आणि खाणकामगार यांना एकमेकांसमोर उभे करणारी मागणी व्यवस्थापनाच्याच सोयीची ठरते. कित्येक खाणकामगार त्याच गावांतले, प्रकल्पग्रस्त घरांतले आहेत. वाद उपशाविषयी नाही. उपशाने ज्याचे पाणी गेले त्याला ते कोण आणि कसे परत देणार, याविषयी आहे.

या प्रश्नाची खरी गाठ सीमारेषेत आहे. कोळशाची जमीन १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र संपादन कायद्याखाली घेतली जाते. सीमेच्या आत ज्याचे शेत आहे त्याला जमिनीचा मोबदला मिळतो, विहिरीची किंमत धरली जाते, आणि कोल इंडियाच्या २०१२ च्या पुनर्वसन धोरणानुसार दोन एकरांमागे एक नोकरी देण्याची तरतूद आहे. हा मोबदला वेळेवर आणि पुरेसा मिळतो असे कोणी म्हणणार नाही. पण कागदावर तरी तो माणूस प्रकल्पग्रस्त आहे. त्याच्या धुऱ्याला धुरा लागून ज्याचे शेत सीमेच्या बाहेर राहिले, त्याची विहीर त्याच खड्ड्यात उतरते आणि तो कोणीच नसतो. नकाशावर रेघ मारणाऱ्याने ती कोळशाच्या थराची हद्द पाहून मारली. पाणी त्या रेघेवर थांबत नाही.

कायदा अशा शेतकऱ्याला काय देतो? येथे एका जुन्या खटल्याकडे जावे लागते, आणि योगायोगाने तोही कोळशाच्या खाणीचाच आहे. इंग्लंडात लँकेशायरमध्ये एका कापडगिरणीला विहिरीचे पाणी मिळत असे. जवळच्या जमिनीत कोळशासाठी खड्डे घेतले गेले आणि ती विहीर आटली. १८४३ साली अॅक्टन विरुद्ध ब्लंडेल या नावाने निकाल लागला: आपल्या जमिनीत खोदणाऱ्याने शेजाऱ्याच्या विहिरीचे भूजल ओढून घेतले तर त्याबद्दल दावा चालत नाही. भूमिगत पाण्याच्या वाटा अदृश्य आहेत, त्यांच्यावर कोणाचा हक्क कसा ठरवावा, असा त्यामागचा विचार होता. हेच तत्त्व भारतीय सुविधाधिकार कायद्यात १८८२ साली उतरले. आपल्या जमिनीखालचे, निश्चित प्रवाह नसलेले सर्व पाणी गोळा करण्याचा व त्याची विल्हेवाट लावण्याचा जमीनमालकाचा हक्क त्या कायद्याच्या सातव्या कलमाखालील उदाहरणांत नमूद आहे. हा कायदा सुरुवातीपासून ज्या थोड्या प्रांतांना लागू झाला त्यांत मध्य प्रांत होता, म्हणजे त्या वेळचा चांदा जिल्हाही होता. गिरणीमालक आणि खाणमालक यांच्या भांडणात ठरलेला नियम अशा रीतीने चांद्याच्या कुणब्याच्या विहिरीवर येऊन बसला.

त्यानंतर विचार पुढे गेलेलाच नाही असे मात्र नाही. नैसर्गिक संपत्तीचे सरकार हे मालक नसून विश्वस्त आहे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने कमलनाथ प्रकरणात १९९६ साली मान्य केले. केरळातील प्लाचिमडा प्रकरणी उच्च न्यायालयाच्या एकलपीठाने २००३ साली ते भूजलाला लावले. २००५ साली खंडपीठाने वेगळा निर्णय दिला. महाराष्ट्रात १९९३ चा पिण्याच्या पाण्यासाठीचा भूजल कायदा झाला. सार्वजनिक पेयजलाच्या उद्भवापासून पाचशे मीटरच्या आत परवानगीवाचून नवी विहीर खोदण्यास त्याने बंदी घातली. पुढे २००९ चा अधिक व्यापक कायदा आला. शेतकऱ्याच्या दहा मीटरच्या विहिरीवर नजर ठेवणाऱ्या या कायद्यांची रचना पाण्यासाठी खणलेल्या विहिरींभोवती आहे. खाण पाण्यासाठी खणलेली नसते! ती पाणी घेते ते नको असताना घेते, आणि या ‘नको असण्या’तच तिची सुटका होते.

केंद्रीय भूजल प्राधिकरणाने २४ सप्टेंबर २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत खाणीच्या उपशाला ना-हरकत प्रमाणपत्र आवश्यक केले, उपशावर घनमीटरप्रमाणे आकार बसवला आणि पातळी मोजण्यासाठी निरीक्षण-नलिका सक्तीच्या केल्या. हे स्वागतार्ह आहे. पण तो आकार प्राधिकरणाकडे जातो. ज्याची विहीर उतरली त्याच्याकडे त्यातला छदामही वळत नाही. पर्यावरण मंजुरीच्या अटींत सामान्यतः वर्षातून चार वेळा, म्हणजे पावसाळ्यापूर्वी, पावसाळ्यात, पावसाळ्यानंतर आणि हिवाळ्यात, आसपासच्या विहिरींची पातळी मोजण्यास कंपनीला सांगितलेले असते. म्हणजे आकडे असतात. ते सहामाही अहवालांतून मंत्रालयाकडे जातात. गावच्या ग्रामसभेपुढे ते मराठीत वाचून दाखवले गेले पाहिजेत, ही मागणी करायला नवा कायदा लागत नाही.

जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा उल्लेख येथे केला पाहिजे. २०१५ साली खनिज कायद्यात दुरुस्ती होऊन हा निधी निर्माण झाला. त्याच्या खर्चासाठी केंद्राने जी योजना आखली तिच्यात खाणीमुळे अप्रत्यक्ष बाधित झालेल्या क्षेत्राची व्याख्या करताना प्रवाहांचे पाणी घटणे आणि भूजल खालावणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. याचा अर्थ, खाणीने भूजल खाली जाते हे सरकारने आपल्याच कागदावर मान्य केले आहे. धुऱ्यापलीकडच्या शेतकऱ्याने हे वाक्य पाठ करून ठेवावे. तथापि निधीतून गावाला एखादी पाणीयोजना मिळणे म्हणजे ज्याची ओलिताची विहीर गेली त्याची भरपाई होणे नव्हे. एक उपकार म्हणून येतो. दुसरी हक्क म्हणून मिळाली पाहिजे.

असा हक्क कोठे आहे काय? आहे, आणि तो भांडवलशाहीच्या माहेरघरी आहे. अमेरिकेच्या १९७७ च्या खुल्या कोळसा खाणींच्या कायद्यात असे कलम आहे की, खाणकामामुळे एखाद्या जमीनधारकाचा घरगुती, शेतीचा वा अन्य रास्त वापराचा पाणीपुरवठा दूषित झाला, घटला किंवा खंडित झाला तर खाणचालकाने तो बदलून द्यावा. रक्कम देऊन मोकळे होण्याची ती भाषा नाही. पाण्याच्या बदली पाणी. जर्मनीत ऱ्हाईन प्रदेशातील तपकिरी कोळशासाठी प्रचंड प्रमाणावर भूजल उपसावे लागते. तेथे १९५८ साली खास कायदा करून एर्फ्ट नदीच्या खोऱ्यासाठी एक मंडळ स्थापन झाले. खाण कंपनी, नगरपालिका आणि पाणी वापरणारे उद्योग त्यात एकत्र बसतात आणि भूजलाच्या पातळीची मोजणी कंपनीच्या एकटीच्या हाती राहत नाही.

येथील व्यवस्थापनाचे युक्तिवाद दोन-तीन ठरलेले आहेत. खड्ड्यातून उपसलेले पाणी मुख्यतः पावसाचे आहे, हा पहिला. त्यात तथ्य आहे: एवढ्या मोठ्या उघड्या खड्ड्यात पाऊस पडतो आणि जुलै-ऑगस्टचा उपसा बहुतांशी त्याचाच असतो. पण एप्रिल-मे महिन्यांत पाऊस नसतो. त्या दोन महिन्यांत पंप जितके तास चालतात ते बव्हंशी झिरपून आलेल्या पाण्याचे तास होत. तेव्हा वर्षाचा एकत्रित आकडा मागू नये. महिनावार पंपाच्या तासांची नोंद मागावी. दुसरा युक्तिवाद असा की, खाण आणि विहीर यांच्यामध्ये चिकण मातीचा थर किंवा खडकातला भ्रंश आहे, त्यामुळे परिणाम पोचत नाही. हेही काही ठिकाणी खरे असते. भ्रंश कधी पाण्याला अडवतो, कधी वाटही करून देतो. मग कोणत्या ठिकाणी काय आहे हे खाण सुरू होण्याआधी दाखवण्याची जबाबदारी छिद्रे घेऊन थरांचा नकाशा करणाऱ्या कंपनीवर असावी, की ज्याच्याजवळ दोर आणि बादली आहे अशा शेतकऱ्यावर? तिसरा युक्तिवाद, उपसलेले पाणी आम्ही लोकांनाच देतो. वेकोलिने खाणीचे पाणी शुद्ध करून ‘कोल नीर’ या नावाने बाटल्यांत भरण्याचा उपक्रम पाटणसावंगी येथे केला. काही ठिकाणी शेतीलाही खाणीचे पाणी दिले जाते. उपक्रम वाईट नाही. पण दिलेले पाणी खाण चालू असेपर्यंतच मिळते आणि देणाऱ्याच्या मर्जीने मिळते. खाण बंद झाली की पंप थांबतो, आणि भूजलाची पातळी वर यायला मात्र वर्षे लागतात. त्या मधल्या वर्षांत शेतकऱ्याजवळ ना विहीर, ना नळ.

दुसऱ्या बाजूने कार्यकर्त्यांनीही सचोटी सांभाळली पाहिजे. खाणपट्ट्यात आटणारी प्रत्येक विहीर खाणीनेच आटवली असे नसते. पाऊस कमी झालेला असतो, बोअरांची संख्या वाढलेली असते, ओढा गाळाने भरलेला असतो. सरसकट सर्वांचे अर्ज भरून मोर्चा नेला की चार खोट्यांमुळे चाळीस खरे फेटाळले जातात. यावर उपाय स्वस्त आहे. गावातल्या तीसेक विहिरी निवडाव्यात: काही खाणीच्या अगदी लगत, काही किलोमीटरभर अंतरावर, आणि पाच-सहा इतक्या दूर की तिथवर खाणीचा परिणाम पोचण्याचा संभव नाही. प्रत्येकीच्या काठावर रंगाने एक खूण करावी. मोटार लावण्यापूर्वी, सकाळी, त्या खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर वजन बांधलेल्या फितीने मोजावे. सर्व विहिरी एकाच दिवशी मोजाव्यात. जानेवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर, असे वर्षातून चार दिवस. वहीत तारीख, माप, आदल्या दिवशी मोटार किती तास चालली ते, आणि मोजणाऱ्याची व विहीरमालकाची सही. तालुक्याच्या पर्जन्यमापकाचे आकडे शेजारी लिहावेत. दूरच्या विहिरी पावसाबरोबर वरखाली होत राहिल्या आणि जवळच्या मात्र दर मे महिन्यात आणखी खाली गेल्या, तर तो फरक पावसाच्या माथी मारता येत नाही. दोन-तीन वर्षांची अशी वही भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण-विहिरींच्या नोंदींशी ताडून पाहता येते. शाळामास्तर, निवृत्त खाणकामगार, महाविद्यालयातले विद्यार्थी, कोणीही हे काम करू शकतो. भूमिगत खाणीत उभी हयात काढलेल्या कामगाराला पाण्याचा माग जितका कळतो तितका फार थोड्यांना कळत असेल.

मागण्या थोड्याच ठेवाव्यात. खाणीला परवानगी देण्यापूर्वी परिसरातील प्रत्येक विहिरीची खोली, पातळी आणि ओलिताखालील क्षेत्र यांची नोंद ग्रामसभेसमोर व्हावी. ठरावीक अंतराच्या आतील विहिरीची पातळी घसरली तर ती खाणीमुळे घसरली असे गृहीत धरावे आणि तसे नसल्यास सिद्ध करण्याचे ओझे खाणीवर असावे. आणि पाण्याच्या बदली पाणी मिळावे, तेही भूजल पूर्ववत होईपर्यंत, खाण बंद झाल्यानंतरही. केंद्र सरकारने २००९ पासून कोळसा खाणींना बंद करण्याचा आराखडा आणि त्यासाठी रक्कम राखून ठेवणे सक्तीचे केले आहे. त्या रकमेत या पाण्याचा वाटा धरायला काय हरकत आहे?

या मागण्या मांडण्याची ठरलेली जागा म्हणजे जनसुनावणी. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे नवी खाण किंवा मोठी वाढ करायची तर सुनावणीची सूचना किमान तीस दिवस आधी द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध ठेवावा लागतो. सुनावणीच्या दिवशी मांडवात गर्दी असते, भाषणे होतात, नोकरीच्या मागणीचे अर्ज दिले जातात आणि पाण्याचा विषय संध्याकाळी उशिरा निघतो. तीस दिवस हातात असतात. पहिल्या आठवड्यात सारांश मिळवून त्यातला भूजलाचा भाग गावात वाचावा; त्यात किती विहिरी मोजल्या, कोणत्या महिन्यात मोजल्या, कोणत्या सुटल्या, ते आपल्या वहीशी पडताळावे; आणि सुटलेल्या विहिरींची यादी मालकांच्या सह्यांसह लेखी देऊन तिची पोच घ्यावी. इतिवृत्तात जे लिहिले जाते तेच पुढे दिल्लीच्या समितीपुढे जाते, तेव्हा इतिवृत्त तेथेच मोठ्याने वाचून घेतल्याशिवाय कार्यकर्त्यांनी मांडव सोडू नये.